बाळाचं लिव्हर आणि पाव गोळीचा हिशोब

मेडिकलच्या काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न कुठला म्हणाल तर हा: "मोठ्यांना एक गोळी, मग बाळाला पाव दिली तर चालेल ना?" विचारणारा माणूस वेडा नसतो. मोठ्याला दोन भाकरी, पोराला चतकोर, तसंच औषधाचं, असा त्याचा सरळ हिशोब असतो. आणि रात्री साडेनऊला, शटर अर्धं खाली आलेलं असताना, मागे गाडीवर बायको आणि तिच्या मांडीवर तापलेलं बाळ असताना कोण कशाला लेक्चर ऐकेल. म्हणून म्हटलं एकदा निवांत लिहूनच काढावं.

2025 च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या खोकल्याच्या सिरपची बातमी आली तेव्हापासून तर हे प्रश्न दुप्पट झालेत. बरीच मुलं नागपूरला उपचाराला आणली होती, कित्येक वाचली नाहीत. ते प्रकरण भेसळीचं होतं, एवढं आधी स्पष्ट करतो. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन 48.6 टक्के सापडलं, आणि चालतं किती तर 0.1 टक्क्यापर्यंत. ते मोठ्या माणसालाही मारतं, त्यात बाळाच्या लिव्हरचा काही दोष नाही. पण त्याच वेळी केंद्र सरकारने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळा, आणि तेव्हा लोक विचारायला लागले की औषध शुद्ध असलं तरी का नाही द्यायचं, कमी करून का नाही द्यायचं. याचं उत्तर बरंचसं लिव्हरमध्ये आहे.

आधी लिव्हर करतं तरी काय

तुपाचं पातेलं नुसत्या पाण्याखाली धरून बघा. पाणी ओघळून जातं, तूप तिथंच. साबण किंवा राख लावली की मग ते तूप पाण्याबरोबर निघतं. आपली बरीचशी औषधं अशी तुपासारखी असतात, तेलात विरघळणारी, म्हणून तर ती आतड्यातून आणि पेशींच्या भिंतीतून आरामात आत शिरतात. पण बाहेर पडायचा मुख्य रस्ता लघवीचा, म्हणजे पाण्याचा. मग त्यांना साबण लावायचं काम लिव्हर करतं.

हे काम जी प्रथिनं करतात ती एन्झाइम्स, शाळेच्या पुस्तकात त्यांना विकर म्हणायचे. ढोबळमानाने दोन टोळ्या आहेत. पहिली टोळी औषधाला थोडं खरवडून त्याला एक हूक बसवते, हिचं नाव सायटोक्रोम पी-450, आपण नुसतं सिप म्हणू. दुसरी टोळी त्या हुकाला पाण्यात विरघळणारी पिशवी अडकवते, साखरेसारख्या पदार्थाची किंवा सल्फेटची. साखरेची पिशवी अडकवणाऱ्यांना यूजीटी म्हणतात. काही औषधांना हूक आधीच असतो, ती थेट दुसऱ्या टोळीकडे जातात. बास, एवढीच परिभाषा लागेल. सिपमध्ये परत नंबर असतात, 3ए4, 2डी6, 1ए2 वगैरे, ते बसचे नंबर समजा, कुठली बस कुठल्या औषधाला घेऊन जाते एवढंच त्यात आहे.

आता मुद्दा असा की मोठ्या माणसात हे सगळे कामगार हजर असतात. नवजात बाळाच्या लिव्हरमध्ये इमारत उभी असते, यंत्रं लागलेली असतात, पण कामगार मात्र एकेक करून, प्रत्येक जण आपापल्या तारखेला रुजू होतो. पाव गोळीच्या हिशोबात ही गोष्ट कुठेच येत नाही.

पोटात असताना काम कोण बघत होतं

आई. बाळाचा कचरा नाळेतून आईच्या रक्तात, तिथून आईच्या लिव्हरकडे. त्यामुळे बाळाच्या लिव्हरला पूर्ण फौज ठेवायची गरजच नसते, आणि काही बाबतीत तर फौज नसणंच बरं असतं. उदाहरण बिलिरुबिनचं, म्हणजे जुन्या लाल पेशी फुटल्यावर बनणारा तो पिवळा पदार्थ. साधं बिलिरुबिन तुपासारखं, ते वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, सहज पलीकडे आईकडे जातं. त्याला साखरेची पिशवी लावली तर ते पाण्यात विरघळणारं होतं आणि मग वार ओलांडून जाऊ शकत नाही, बाळातच अडकतं. म्हणून पोटात असताना ही पिशवी लावणारा एन्झाइम जवळजवळ बंद असतो आणि ते अगदी सोयीचं असतं. पंचाईत होते ती नाळ कापल्यावर.

पण बाळाचं लिव्हर तेव्हा अगदीच रिकामं नसतं हं. तिथं एक सिप 3ए7 नावाचा गडी असतो. गिरणीत जसे बदली कामगार असायचे तसा हा, कायम नोकरीवाला नाही. गर्भाच्या लिव्हरमध्ये सिप टोळीचा मोठा हिस्सा याचाच असतो, आणि त्याचं मुख्य काम औषधं नाहीच, बाळाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून येणारी हार्मोन्स हाताळणं हे आहे. जन्मानंतर तो हळूहळू कमी होत जातो आणि त्याच्या जागी सिप 3ए4 येतो. दोघांचे जीन एकाच क्रोमोसोमवर शेजारीशेजारी, म्हणजे एकाच चाळीतले म्हणा, पण कामाची पद्धत वेगळी. मोठ्यांची जवळजवळ निम्मी औषधं हा 3ए4 हाताळतो. आणि बदली गडी गेला आणि कायमचा अजून पुरता आला नाही, असा एक मधला काळ पडतो, पहिल्या काही महिन्यांचा. झोपेचं किंवा भुलीचं औषध नवजात बाळाला दिलं की ते रेंगाळतं त्यामागे हेही एक कारण आहे.

कोण कधी रुजू होतो

काही जण घाईचे असतात. 2ई1 आणि 2डी6 हे जन्मानंतर काही तासांत-दिवसांत वाढायला लागतात, बाळ पूर्ण दिवसांचं असो नाहीतर अपुऱ्या दिवसांचं, म्हणजे जन्म होणं हाच त्यांच्यासाठी भोंगा. सल्फेटची पिशवी लावणारे तर बरेचसे आधीपासून हजरच असतात. आणि काही जण निवांत. त्यातला सगळ्यात आळशी 1ए2.

या 1ए2 चं काम म्हणजे कॅफिन, आपल्या चहाकॉफीतलं. मोठ्या माणसाने कॉफी घेतली तर साधारण पाच तासांत तिच्यातलं निम्मं कॅफिन शरीरातून जातं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात हेच निम्मं व्हायला 100 तासांच्या आसपास लागतात, म्हणजे चार दिवस! लिव्हर हातच लावत नाही, बहुतेक कॅफिन जसंच्या तसं लघवीतून थेंबाथेंबाने जात राहतं. तुम्ही म्हणाल बाळाला कॉफी कोण पाजतंय, तर एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, रोज पाजतात, म्हणजे औषध म्हणून देतात. लवकर जन्मलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात, मधेच थांबतात, त्यांचा श्वास चालू ठेवायला कॅफिन सायट्रेट. आणि ते दिवसातून एकदाच दिलं की पुरतं, कारण कालचं अजून शिल्लकच असतं. काचेच्या पेटीबाहेर उभ्या बापाला वाटतं सिस्टर दुसरा डोस विसरली, ती विसरलेली नसते. पुढे दोन-तीन महिन्यांत 1ए2 जागा होतो आणि सहा महिन्यांच्या आसपास बाळ कॅफिन मोठ्या माणसाच्या तोडीने उडवायला लागतं.

यात अजून एक गंमत आहे. पूर्वी याच कामाला थिओफिलिन वापरायचे, दम्याचं औषध. मोठ्यांमध्ये लिव्हर थिओफिलिन मोडून टाकतं, पण नवजात बाळात त्यातलं काही चक्क कॅफिनमध्ये बदलतं. एकच औषध, एकच अवयव, आणि वयाप्रमाणे रस्ताच निराळा. पाव करा नाहीतर आठवा हिस्सा करा, रस्ता कसा बदलणार?

कावीळ, आणि पिवळा त्रिकोण

बाळाला तिसऱ्या दिवशी कावीळ झाली हे वाक्य ज्या घरात ऐकलं नाही असं घर नसेल. पूर्ण दिवसांच्या 10 बाळांपैकी साधारण सहा जणांना ती दिसते. वर सांगितलेला तो बिलिरुबिनला पिशवी लावणारा यूजीटी जन्माच्या वेळी मोठ्यांच्या जेमतेम एक टक्का काम करत असतो, पूर्ण क्षमतेला यायला तीनेक महिने घेतो, आणि इकडे नाळ कापल्यामुळे आईचा रस्ता बंद. म्हणजे बिलिरुबिन साचणारच. बहुतेकांचं आपोआप निवळतं कारण एन्झाइम पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने चढायला लागतो.

निळ्या दिव्याखाली ठेवतात ते का, याची गोष्ट मला फार आवडते. 1956 साली इंग्लंडमध्ये एसेक्सच्या रॉचफर्ड हॉस्पिटलमध्ये सिस्टर वॉर्ड नावाच्या नर्स होत्या, त्या बाळांना उन्हाच्या दिवशी अंगणात न्यायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं, सगळं अंग फिकट झालेलं आणि एक त्रिकोणी तुकडा तेवढा पिवळाधमक. डॉक्टरांना वाटलं काही रंगबिंग लावला की काय. तर तो तुकडा दुपट्याच्या कोपऱ्याखाली झाकलेला होता, ऊन लागलं तिथलं पिवळं गेलं होतं! पुढे 1958 मध्ये त्यावर संशोधन छापून आलं आणि फोटोथेरपी सुरू झाली. दिवा एन्झाइमला काही करत नाही बरं का, तो बिलिरुबिनच्या रेणूचा आकारच असा मुरगळतो की पिशवी न लावताही ते बाहेर पडतं. म्हणजे कामगार आला नाही तर त्याच्याशिवाय काम उरकायची युक्ती.

"मग कोवळ्या उन्हात धरलं तरी चालेल की" असं लगेच म्हणतात. प्रकाश तोच असतो, पण किती लागला याला माप नाही, उघडं बाळ कधी गारठतं कधी तापतं, आणि बिलिरुबिन खूप वर गेलेलं असताना उन्हाच्या भरवशावर दोन दिवस घालवले तर ते मेंदूपर्यंत पोचू शकतं. आकडा रक्त तपासून ठरवायचा, रंग बघून नाही, सावळ्या बाळाचा तर रंग बघून कळतच नाही.

1959 : राखेच्या रंगाची बाळं

आता जी गोष्ट सांगतोय तिच्यामुळेच डॉक्टर लोक या विषयाकडे गंभीरपणे बघायला लागले. क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध आपल्याकडे जुन्या लोकांना टायफॉइडचं औषध म्हणून माहीत आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत ते लवकर जन्मलेल्या बाळांना इन्फेक्शन होऊ नये म्हणून आधीच द्यायचे, कारण पाणमोट लवकर फुटली तर जंतूंची भीती. हेतू चांगलाच होता. पण ज्यांना औषध दिलंय तीच बाळं जास्त दगावतायत असं दिसायला लागलं. तीन-चार दिवस बरी असायची, मग दूध सोडायची, पोट फुगायचं, अंग गार पडायचं आणि रंग राखेसारखा व्हायचा, त्यानंतर काही तासांत सगळं संपायचं. यावरून नावच पडलं ग्रे बेबी सिंड्रोम.

लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी 1959 मध्ये आकडे मांडले. अशाच जोखमीच्या, लवकर जन्मलेल्या बाळांमध्ये काहीच अँटिबायोटिक न दिलेल्यांपैकी 20 टक्क्यांच्या आत मृत्यू, पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्यांमध्येही तेवढेच, आणि क्लोरॅम्फेनिकॉल दिलेल्यांमध्ये 60 टक्क्यांहून जास्त. डोस काढलेला होता वजनाच्याच हिशोबाने, किलोमागे दिवसाला 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. या औषधाला यूजीटीची पिशवी लागते, आणि यूजीटी हजर नव्हते. रोजचा डोस वरून पडत राहिला आणि खालून काहीच बाहेर जाईना, मोरी तुंबलेली आणि नळ चालू अशी गत. नंतर नवजात बाळांसाठी हा डोस दिवसाला किलोमागे 25 मिलिग्रॅमवर आणला, तोही रक्तातली पातळी मोजत.

"पण गुटी तर नैसर्गिक असते"

हे ऐकलं की मी काउंटरवर जरा थांबतो, कारण आजीचा अपमान करायचा नसतो. माझ्याही घरी सहाण होती, जायफळ, हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, प्रत्येकाचे वेढे मोजून उगाळायचे. पण लिव्हरला पाकिटावरचं लेबल वाचता येत नाही. कॅफिन झाडातूनच येतं, मॉर्फिनही झाडातूनच येतं. मुंबईच्या गिरणगावात पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळाला अफूची बाळागोळी देऊन जायच्या, बाळ झोपून राहावं म्हणून, दुसरा इलाजच नव्हता त्यांच्याकडे. अफूतलं मॉर्फिन बाहेर काढायला परत यूजीटीच लागतो. मोठ्यात साधारण दोन तासांत मॉर्फिन निम्मं होतं, नवजातात सहा-सात तास, लवकर जन्मलेल्यात नऊच्या आसपास. पुढची गोळी द्यायची वेळ येते तेव्हा आधीची अजून रक्तात असते. झोप खोल होत जाते आणि श्वास उथळ.

जायफळाचे दोन वेढे आणि अफू यांची बरोबरी मी करत नाहीये. एवढंच म्हणतोय की झोप आणणारी कुठलीही गोष्ट पहिल्या महिन्यात "थोडीशीच" दिली तरी ती थोडीशी राहत नाही, साचते, आणि वेढ्यात नेमकं किती उतरलं ते सहाणेलाही माहीत नसतं.

पॅरासिटामॉलचं काय मग

हे बाळांमध्ये बऱ्यापैकी चालतं आणि त्याचं कारणही मजेशीर आहे. मोठ्यांमध्ये ते मुख्यतः साखरेच्या पिशवीने जातं, बाळात ती टोळी अपुरी, पण सल्फेटवाली टोळी हजर असते ती काम उचलते. शिवाय पॅरासिटामॉलचा थोडा भाग 2ई1 कडे जाऊन त्यातून लिव्हरला जाळणारा पदार्थ बनतो, आणि नवजातात 2ई1 अजून वाढत असतो, म्हणजे विष बनवणाराही कमीच. म्हणून बेफिकीर राहायचं असं नाही, एकूण वेग कमीच असतो आणि नवजातात दोन डोसमधलं अंतर जास्त ठेवावं लागतं. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे बाटली नाही, थेट डॉक्टर.

माझ्या डोळ्यादेखत होणारी चूक मात्र लिव्हरची नाही, बाटलीची असते. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स येतात त्यात एका मिलिलीटरमध्ये 100 मिलिग्रॅम. सिरप येतं त्यात पाच मिलिलीटरमध्ये 120 किंवा 125, आणि एक डबल स्ट्राँग येतं, पाचमध्ये 250. म्हणजे ड्रॉप्स हे साध्या सिरपच्या चौपट घट्ट! बाटली छोटी, नाव ड्रॉप्स, म्हणून लोकांना वाटतं हे हलकं असेल. एकाने ड्रॉप्स नेले आणि घरी सिरपच्या टोपणाने पाच मिलिलीटर दिले, म्हणजे 500, मोठ्या माणसाची पूर्ण गोळी, पाच किलोच्या बाळाला. नशीब एकदाच दिलं आणि बायकोने लगेच फोन केला. तेव्हापासून मी ड्रॉपर बाटलीला रबर लावूनच देतो.

मग लहान मुलांना नेहमीच कमी?

नाही, आणि इथं भलेभले चकतात. वर्षभराचं पोर झालं की बरेच कामगार हजर झालेले असतात, आणि शरीराच्या मानाने लिव्हर मोठ्यांपेक्षा मोठं असतं. मोठ्यांचं लिव्हर वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, लहानग्यांचं साडेतीन-चार. त्यामुळे दोन-तीन वर्षांचं मूल काही औषधं मोठ्यांपेक्षाही वेगाने उडवतं. फिट्सचं फेनिटॉइन घ्या, मोठ्यांना दिवसाला किलोमागे चार ते सहा मिलिग्रॅम, दोन वर्षांच्या पोराला आठ ते 10. एक बाप चिठ्ठी घेऊन माझ्याशी भांडायला आला होता, त्याला स्वतःला तेच औषध चालू होतं आणि त्याने घरी भागाकार केला होता, "डॉक्टर चुकलेत, माझ्या दुप्पट पडतंय." डॉक्टर चुकले नव्हते. आठ-दहा वर्षांकडे जाताना हा किलोमागचा आकडा परत खाली येतो.

जुन्या पुस्तकांत यंगचा नियम असायचा, मुलाचं वय भागिले वय अधिक 12, गुणिले मोठ्यांचा डोस. वर्षाच्या मुलाला तेरावा हिस्सा, आणि नवजात बाळाला शून्य, कारण वय शून्य. निदान नवजाताच्या बाबतीत तो नियम चुकून शहाणा होता.

आईने घेतलेलं औषध दुधातून?

बहुतेक औषधं दुधात फार कमी उतरतात, पॅरासिटामॉल घेतली म्हणून अंगावर पाजणं थांबवायची काही गरज नसते. अपवाद कोडीन आणि ट्रॅमाडॉलसारख्या दुखणं थांबवणाऱ्या औषधांचा. कोडीनला आईचा 2डी6 मॉर्फिन बनवतो, काही जणींचा 2डी6 जन्मतःच भलता वेगवान असतो, मग दुधातून मॉर्फिन जास्त, आणि पलीकडे बाळाचा यूजीटी अर्धवट. 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, ही दोन्ही पाजत्या आईने घेऊ नयेत आणि कोडीन 12 वर्षांखाली कुणालाच देऊ नये असं सांगितलं.

लिव्हरची टेस्ट करून कळतं का हे सगळं

"एलएफटी केली, नॉर्मल आली, म्हणजे आता मोठ्यांचं औषध चालेल?" नाही हो. एसजीपीटी वगैरे आकडे लिव्हरच्या पेशींना मार बसलाय का ते सांगतात, कुठला एन्झाइम किती कामावर आलाय ते त्यात दिसत नाही. कारखान्याच्या काचा फुटल्यात का हे बघून आत किती कामगार आहेत ते कसं कळणार. म्हणून डॉक्टर जिथं धोका असतो तिथं लिव्हर सोडून औषधच मोजतात, फेनिटॉइनची रक्तातली पातळी काढतात आणि त्यावरून डोस हलवतात.

आणि म्हणूनच जुनी चिठ्ठी मी परत करतो. परवा एक बाई सात महिन्यांपूर्वीची चिठ्ठी घेऊन आली, घडीवर फाटलेली, तारीख अर्धी गेलेली. "तेव्हा याच औषधाने बरं वाटलं होतं, तेवढंच द्या." तेव्हा बाळ दोन महिन्यांचं होतं. वजन किती होतं विचारलं तर म्हणाली ट्रिपलच्या इंजेक्शनला गेलो तेव्हा साडेचार भरलं होतं. आणि आता? आता माहीत नाही म्हणाली. काउंटरमागे वजनकाटा आहे, खोक्यांचा, त्याच्यावर वर्तमानपत्र अंथरून बाळाला बसवलं, आठ किलो दोनशे. मग तिथूनच तिच्या डॉक्टरांना फोन लावला.